उभ्या गाडीचे भाडे

'वाट' ह्या एका शब्दाभोवती मराठी भाषेने केवढे तरी नीतिशास्त्र गोळा केले आहे. आपण एखाद्याला वाट दाखवतो, त्याची वाट पाहतो, त्याला वाट करून देतो; आणि वेळप्रसंगी त्याची वाट अडवतोही. ह्यांपैकी वाट दाखवणे हे पुण्य, वाट करून देणे हे सौजन्य आणि वाट अडवणे हा अपराध, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. 'वाटमारी' हा तर दरोड्याचाच एक प्रकार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला आणि चिखल-पाणी साचवून रहदारीला अडथळा करणाऱ्याला दंड सांगितला आहे. रस्त्याच्या कडेने वड लावले, विहिरी खोदल्या, हे सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात आवर्जून नोंदवून ठेवले. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या त्या वाटसरूंसाठी, आणि त्याही आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. रस्ता हा जाणाऱ्या-येणाऱ्याचा आणि त्याच्या सोयीसाठी खर्च करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य, ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही.

नवा आहे तो रस्त्यावरून न जाणारा, न येणारा, नुसता उभा राहणारा एक भाडेकरू. आणि त्याचे वैशिष्ट्य असे, की तो बहुतेक ठिकाणी भाडे देत नाही.

आपल्या भागात पाटीवर दोन भाषा असतात. मराठीत 'वाहनतळ' आणि कन्नडमध्ये 'वाहन निलुगडे'. निलुगडे म्हणजे थांबणे, उभे राहणे. मराठीतला 'तळ' त्याहून थोडा अधिक बोलका आहे. सैन्याचा तळ पडतो, तांडे तळ ठोकतात. तळ ठोकणाऱ्याला सहसा लवकर हलायचे नसते, हा अर्थ त्या शब्दातच आहे. दोन्ही भाषांच्या लोकांनी रोजच्या बोलण्यात मात्र 'पार्किंग' हाच शब्द पत्करला, आणि ते फुकट असले पाहिजे ह्या एका बाबतीत तरी दोहोंत कधी मतभेद झालेला नाही!

आता थोडे गणित करू. एका मोटारीला उभे राहायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. जुन्या मापाने सुमारे १३५ चौरस फूट. दहा बाय तेराची एक खोलीच म्हणा ना! अशा खोलीत खेड्यातून शिकायला आलेली दोन-तीन मुले राहतात आणि महिना संपायच्या आत घरमालकाच्या हातावर भाडे ठेवतात. दिवसातून एक तास फिरणारी गाडी उरलेले तेवीस तास कोठेतरी उभी असते. ती स्वतःच्या आवारात उभी असेल तर प्रश्नच नाही. पण ती भर पेठेत रस्त्यावर उभी असेल, तर गावातली सर्वांत महागडी खोली तिने विनामूल्य अडवलेली असते. त्याच गाडीच्या चाकाजवळ टोपलीभर मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाईकडून मात्र रोज जागेची पावती फाडून पैसे घेतले जातात. तिची जागा दोन हात, कमाई दिवसाला काही शे रुपये. गाडीची जागा तिच्या कितीतरी पट आणि पावती शून्य. ज्याला आपण 'सार्वजनिक' म्हणतो त्या जागेचा हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो, हा ह्या लेखाचा पहिला प्रश्न. आणि उद्या गाडीवाल्याकडून भाडे घेतलेच, तर तो पैसा कोणाचा, त्यातून दुसऱ्याची बस चालवणे हा न्याय की अन्याय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. खरी कसोटी दुसऱ्यापाशी आहे.

पार्किंगचे पैसे मोजणारे यंत्र जगात प्रथम बसले ते १६ जुलै १९३५ रोजी, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी ह्या गावी. कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्र संपादकाच्या खटपटीतून ते जन्माला आले. तासाला पाच सेंट असा दर होता. त्यामागे नगरपालिकेची तिजोरी भरण्याचा विचार मुख्य नव्हता. बाजारपेठेत काम करणारी मंडळीच सकाळी आपल्या गाड्या दुकानांपुढे लावत आणि संध्याकाळी नेत. गिऱ्हाइकाला जागाच मिळेना. तेव्हा एकाने दिवसभर तळ ठोकण्याऐवजी अनेकांना थोडा थोडा वेळ जागा मिळावी, हा साधा वाटपाचा हेतू होता. पंगतीत जेवण आटोपलेल्याने पाट सोडावा, म्हणजे खोळंबलेल्याला बसता येते. तसाच हा प्रकार. पैसा हे पाट सोडायला लावणारे निमित्त होते. त्या पैशाचे पुढे काय करायचे, हा विचार नंतरचा.

ह्या भाड्याला आपल्याकडे हमखास घेतला जाणारा पहिला आक्षेप असा, की 'आम्ही गाडी घेतानाच रस्ताकर भरला आहे, मग पुन्हा हे भाडे कशाला?' आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु मोटार वाहन कर जातो राज्य सरकारकडे. गावातल्या गल्लीबोळांची डागडुजी, गटारे, दिवे, झाडलोट ह्यांचा भार पडतो नगरपालिकेवर किंवा महापालिकेवर, आणि तिच्या उत्पन्नात घरपट्टीचा वाटा मोठा. ती घरपट्टी गाडी नसलेला माणूसही भरतो. भाडेकरू असेल तर भाड्यातून भरतो. म्हणजे आज फुकट दिसणारी जागा प्रत्यक्षात फुकट नाहीच. तिचे भाडे पायी चालणारा भरतो आणि वापर गाडीवाला करतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शिवाय कर हा रस्ता वापरण्याचा, चालण्या-जाण्याचा. एसटीचे तिकीट काढले म्हणून कोणी स्थानकावर बिऱ्हाड थाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गरिबाच्या बाजूने घेतला जातो. भाडे लावले, की श्रीमंत पैसे टाकून खुशाल गाडी लावील आणि दुचाकीवरून कामाला येणारा कारकून, दुकानातला गुमास्ता मारला जाईल; रस्ता पैशाने विकत मिळू लागेल. ह्या आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचे उत्तरही हिशेबातच आहे. दुचाकीला उभे राहायला साधारण दोन चौरस मीटर जागा पुरते. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या मावतात. भाडे जागेच्या प्रमाणात लावले, तर दुचाकीचा भार मोटारीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त होऊ नये. आणि गरिबांत सर्वांत गरीब कोण, हेही एकदा ठरवले पाहिजे. दुचाकीवाल्याच्याही खाली एक मोठा वर्ग आहे, त्याच्याकडे कोणतेच वाहन नाही. पायी चालणारा, बसची वाट पाहत ताटकळणारा, नातवाचा हात धरून रस्ता ओलांडणारी आजी, आसपासच्या खेड्यांतून दप्तर सांभाळत येणारी मुलेमुली. मी शिक्षक आहे. त्यामुळे ह्या शेवटच्या वर्गाशी माझा रोजचा संबंध येतो. पहिल्या तासाला धापा टाकत वर्गाच्या दारात उभी राहणारी मुलगी आळशी नसते. तिची बस पेठेच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढत असते. फुकट पार्किंगची किंमत ती मुलगी आपल्या गणिताच्या तासाने चुकती करते. गरिबाचे नाव घेऊन भाड्याला विरोध करणाऱ्याने आपल्या हिशेबात तिला धरले आहे का, हे विचारायला हवे.

इथपर्यंत फारसा वाद नसावा. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी परिवहन धोरणातही हेच तत्त्व सांगितले आहे. व्यापलेल्या जमिनीचे खरे मोल दाखवील असे पार्किंग शुल्क असावे आणि त्याचा उपयोग सार्वजनिक वाहतूक अधिक आकर्षक होण्यासाठी व्हावा, असा त्याचा आशय आहे. पण कागदावरचे धोरण गल्लीत उतरताना अडखळते. पुणे महापालिकेच्या सभागृहात २०१८ साली पार्किंग धोरण आले तेव्हा बराच गदारोळ झाला आणि अखेरीस ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक म्हणून मान्य झाले. रस्त्याच्या जागेचा प्रश्न निघाला, की लोकमत किती पटकन तापते, ह्याचा अनुभव इतर गावांनाही आहे. इंदूरमध्ये २०१३ साली बससाठी राखून ठेवलेली मार्गिका सुरू झाली होती. ती हटवण्याचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडात २०१८ साली अशीच बससेवा सुरू झाली, आणि तिच्याही मार्गिकेवरून तक्रारी झाल्या. बसला जागा दिली की ती डोळ्यांत खुपते, उभ्या गाडीने घेतलेली जागा मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता दुसऱ्या, अवघड प्रश्नाकडे वळू. समजा भाडे घेतले. तो पैसा कोणाचा?

लंडन शहराच्या उत्तरेला बार्नेट नावाचा विभाग आहे. तेथील स्थानिक संस्थेने २०११ साली रहिवाशांच्या पार्किंग परवान्याचा वार्षिक दर ४० पौंडांवरून एकदम १०० पौंड केला आणि पाहुण्यांच्या गाडीचे कुपन एका पौंडावरून चार पौंडांवर नेले. जादा पैसा रस्त्यांच्या आणि वाहतुकीच्या इतर कामांना लावायचा होता. एक रहिवासी न्यायालयात गेला. जुलै २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो रहिवाशाच्या बाजूने. त्यातला बारकावा विचार करण्यासारखा आहे. ब्रिटनच्या १९८४ च्या कायद्याप्रमाणे पार्किंगच्या खात्यात शिल्लक उरली तर ती सार्वजनिक वाहतुकीसारख्या कामांवर खर्च करता येते. पण शिल्लक उरावी, ह्या हेतूनेच दर वाढवता येत नाहीत. म्हणजे फळ घ्यायला मनाई नाही, पण त्या फळासाठी झाड लावायला मनाई आहे! वरवर हा शब्दच्छल वाटेल. पण त्याच्या मुळाशी शुल्क आणि कर ह्यांतला जुना भेद आहे. शुल्क एखाद्या सेवेच्या मोबदल्यात घेतात. कर सर्वांच्या कामासाठी, लोकप्रतिनिधींच्या उघड संमतीने घेतात. शुल्काच्या नावाखाली कर वसूल करणे ही एक प्रकारची लबाडीच.

हा भेद आपल्याही न्यायालयांच्या परिचयाचा आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला मिळालेल्या सेवेशी त्या पैशाचा संबंध नसेल आणि तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जात असेल, तर त्याला शुल्क म्हणता येणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. पुढच्या निकालांत ही अट बरीच सैल झाली. पण त्यामागची नैतिक जाणीव अजून जिवंत आहे. गाडीवाला जेव्हा म्हणतो, 'माझ्या पैशातून दुसऱ्याची बस का?' तेव्हा तो ह्याच जाणिवेला हात घालत असतो. त्याला केवळ स्वार्थी म्हणून झिडकारणे योग्य नाही.

मुंबईच्या बेस्टचे उदाहरण इथे आठवते. वीज आणि बस ही दोन्ही कामे एकाच संस्थेकडे असल्यामुळे अनेक वर्षे विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजग्राहकांनी विचारले, की आमच्या दिव्यांनी दुसऱ्यांच्या प्रवासाचा भार का वाहावा? वाद न्यायालयापर्यंत गेला, आधार सुटत गेला आणि बसचा तोटा उघडा पडला. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणून प्रवाशांना दिलासा दिला होता. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. वीजग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर देणे खरोखरच कठीण होते. कारण घरात दिवा लावणाऱ्याने बसप्रवाशाचे काहीही बिघडवलेले नसते.

पार्किंगची गोष्ट नेमकी इथेच वेगळी होते. रस्त्यात उभी केलेली गाडी बसची वाट अरुंद करते, बसला उशीर करते, बसचे डिझेल जास्त जाळते आणि पायी चालणाऱ्याला पदपथावरून खाली, वाहनांच्या गर्दीत ढकलते. दिवा आणि बस ह्यांत कार्यकारणसंबंध नव्हता. उभी गाडी आणि अडकलेली बस ह्यांत तो डोळ्यांनी दिसतो. तेव्हा गाडीच्या भाड्यातून बस चालवली तर तो गाडीवाल्याने केलेला दानधर्म ठरत नाही. ज्याची वाट अडवली त्याला दिलेली ती भरपाई आहे. शिवाय बसमध्ये बसणारा प्रत्येक माणूस एक गाडी रस्त्यावर न आणता इतरांना जागा मोकळी करून देत असतो. चांगली बस म्हणजे गाडीवाल्यालाही मिळालेली सेवाच आहे. शुल्काच्या व्याख्येत हे नाते बसवायला फार ओढाताण करावी लागत नाही.

हे नाते उघडपणे सांगून, कायद्याने बांधून घेतले तर काय होते, ह्याचे उदाहरण इंग्लंडच्याच नॉटिंगहॅम शहरात पाहायला मिळते. २००० सालच्या परिवहन कायद्याने तेथील शहरांना कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर आकारणी करण्याचा अधिकार दिला आणि तो पैसा स्थानिक वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधनही घातले. नॉटिंगहॅमने २०१२ च्या एप्रिलपासून वसुली सुरू केली. ज्या मालकाकडे कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी अकरा किंवा अधिक जागा आहेत त्याने प्रत्येक जागेमागे वर्षाला २८८ पौंड भरायचे, असा आरंभीचा दर होता. त्या पैशाच्या आधारावर ट्रामचे दोन नवे मार्ग ऑगस्ट २०१५ मध्ये सुरू झाले. रेल्वे स्थानकाच्या नूतनीकरणाला आणि विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांनाही त्यातून हातभार लागला. बार्नेट आणि नॉटिंगहॅम ह्या दोन्ही ठिकाणी पैसा वाहतुकीसाठीच घेतला गेला. एके ठिकाणी तो दुसऱ्याच कलमाच्या आडोशाने घेतला, दुसरीकडे हेतू आधी जाहीर करून. साध्य एकच, पण साधनशुचितेत अंतर पडले.

तिसरे उदाहरण अमेरिकेतल्या पॅसाडेना गावचे. तेथील जुन्या, मोडकळीला आलेल्या पेठेत मीटर बसवायला व्यापाऱ्यांचा विरोध होता. गिऱ्हाईक पळेल ही नेहमीची भीती. तेव्हा पालिकेने शब्द दिला, की ह्या पेठेतला पैसा ह्याच पेठेच्या पदपथांवर, झाडांवर आणि दिव्यांवर खर्च होईल. १९९३ साली मीटर बसले, पेठेचे रूप पालटले आणि गिऱ्हाईक पळण्याऐवजी वाढले. पार्किंगच्या प्रश्नावर आयुष्यभर अभ्यास करणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप हे उदाहरण वारंवार देत. २००५ साली त्यांनी फुकट पार्किंगची खरी किंमत सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला; २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. लोकांना आपण दिलेला पैसा डोळ्यांसमोर कामाला लागलेला दिसला, की ते तो विनातक्रार देतात, हे त्यांचे निरीक्षण आपल्या गावच्या देवळाची वर्गणी गोळा करणाऱ्यालाही पटेल. मात्र पॅसाडेनाच्या वाटेत एक उणीव आहे. श्रीमंत पेठेचा पैसा श्रीमंत पेठेतच राहिला, तर बस ज्या खेड्यातून येते त्या खेड्याचे काय? म्हणून काही भाग पेठेचा आणि काही भाग बसचा, अशी विभागणी मला अधिक न्याय्य वाटते.

ह्याच्या नेमके उलटे उदाहरण शिकागोचे. त्या महानगराने डिसेंबर २००८ मध्ये आपले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर एका खासगी कंपनीला ७५ वर्षांच्या कराराने देऊन टाकले आणि १.१५ अब्ज डॉलर एकरकमी घेतले. अंदाजपत्रकातली भोके बुजवण्यात त्यांतला बहुतेक पैसा थोड्याच वर्षांत संपला. करार मात्र २०८३ पर्यंत चालायचा आहे. आज तेथे एखादा रस्ता जत्रेसाठी किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तर शहराला त्या कंपनीची भरपाई करावी लागते. म्हणजे स्वतःच्याच रस्त्यावर स्वतःच्याच लोकांनी चालण्यासाठी दंड! जी पिढी अजून जन्मालाही आली नाही तिची वाट गहाण टाकण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, असा प्रश्न तेथे उभा राहतो. आपल्याकडे पार्किंगची वसुली म्हटले, की ठेका आणि ठेकेदार ओघाने येतातच. आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते, ही म्हण खरी करून दाखवायची नसेल, तर दळणाऱ्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. ह्या रस्त्यावर इतके जमले, त्यातून इतके ह्या बसमार्गावर खर्च झाले, असा मासिक हिशेब रस्त्याच्या तोंडाशी दोन्ही भाषांत लावणे फार खर्चाचे नाही. हपापाचा माल गपापा होतो तो हिशेब अंधारात असतो म्हणून.

आता एक शंका उरते, आणि ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. पैसे देऊन चूक 'विकत' घेता येऊ लागली, तर चुकीची लाजच नाहीशी होत नाही का? इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तेथे दंड लावून पाहिला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी पालकांना शिक्षिकेपुढे संकोच वाटे. आता त्यांना वाटू लागले, की आपण जादा वेळेचे पैसे मोजतो आहोत. पुढे दंड काढून टाकला तरी गेलेला संकोच परत आला नाही. शिक्षक म्हणून ही हकीकत मला फार बोधप्रद वाटते. दंड आणि दर ह्यांतली रेघ एकदा पुसली, की ती पुन्हा ओढणे कठीण जाते.

म्हणून रस्त्यावर कोणती जागा भाड्याने देण्यासारखी आहे आणि कोणती नाही, हे आधी ठरले पाहिजे. रुंद रस्त्याच्या कडेची आखलेली जागा भाड्याने द्यावी. तेथे गाडी लावण्यात पाप नाही, पैसे देण्यात प्रायश्चित्त नाही. तो सरळ व्यवहार आहे. पण पदपथ, झेब्रा पट्ट्या, शाळेचे आणि रुग्णालयाचे फाटक, बसथांबा ह्या जागा कोणत्याही दराला विकाऊ असता कामा नयेत. काठी टेकत चालणाऱ्या अंध माणसाची वाट नगरपालिकेच्या मालकीची नाही, तेव्हा ती भाड्याने देण्याचा अधिकारही नगरपालिकेला नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहराचे महापौर एन्रिके पेन्यालोसा ह्यांनी १९९८ ते २००० ह्या काळात पदपथांवरच्या गाड्या हटवल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्ध इतके काहूर माजले, की त्यांना पदावरून काढण्याचाही प्रयत्न झाला. तो फसला. पदपथ मात्र चालणाऱ्यांना परत मिळाले.

ह्याच शंकेची दुसरी बाजू महात्मा गांधींनी १९३७ साली वेगळ्या संदर्भात मांडली होती. प्रांतिक मंत्रिमंडळे आली तेव्हा दारूबंदी केली तर शाळा कशावर चालवायच्या, असा पेच पडला; कारण शिक्षणाचा खर्च बव्हंशी अबकारीच्या उत्पन्नावर होता. मुलांची शाळा दारूच्या पैशावर चालावी, हे गांधीजींना असह्य झाले. त्या मंथनातून वर्धा शिक्षण योजना पुढे आली. आज बस पार्किंगवर चालवायची म्हटली, तर असाच पेच पडणार नाही का? बस चांगली झाली, की गाड्या कमी येणार. गाड्या कमी आल्या, की बसचा पैसा आटणार. मग नगरपालिकेलाच गाड्या वाढाव्यात असे वाटू लागेल! ह्या शंकेला माझे उत्तर असे, की दारू गांधीजींच्या दृष्टीने मुळातच वाईट होती. गाडी तशी नाही. आजारी बापाला रात्री दवाखान्यात नेणारी गाडी वाईट कशी असेल? आपण घेतो ते पापाचे मोल नव्हे, जागेचे भाडे आहे. तरीही गांधीजींच्या प्रश्नातला इशारा ध्यानात ठेवला पाहिजे. बसचा पाया सरकारच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात असावा आणि पार्किंगचा पैसा त्यावर चढवलेली भर असावी. 'पार्किंगचे उत्पन्न येते ना, मग नेहमीचे अनुदान कापा,' असे एकदा झाले, की गाडीवाल्यालाही फसवले आणि बसप्रवाशालाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंना आपली नातीगोती आहेत, त्यामुळे आपल्या घरांतून दोन्ही राज्यांच्या सवलतींची चर्चा होते. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. कर्नाटकात त्याच वर्षी ११ जूनपासून राज्याच्या साध्या बसमधून महिलांचा प्रवास विनामूल्य झाला. माहेरी निघालेली लेक कोठपर्यंत शून्य आणि कोठून अर्धे, हा हिशेब आता तोंडपाठ सांगते. ह्या सवलतींवर 'फुकटेगिरी' म्हणून नाक मुरडणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. एवढेच सुचवायचे, की फुकटाचा हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडावा. बसमधल्या आसनावर दोन तास फुकट बसलेली बाई आपल्याला दिसते. पेठेत १३५ चौरस फुटांवर दिवसभर फुकट बसलेली गाडी दिसत नाही. एकीच्या फुकटाला आपण सवलत म्हणतो आणि दुसरीच्या फुकटाला हक्क.

नीतीचा प्रश्न बहुधा असाच असतो. मोठ्या तत्त्वांवर आपले सहसा दुमत नसते. दुमत होते ते कोणता खर्च आपल्या डोळ्यांना दिसतो आणि कोणता दिसत नाही ह्यावर. रस्त्याच्या जागेचे भाडे लावण्यात मला मोठा लाभ वाटतो तो तिजोरीत पडणाऱ्या पैशाचा नव्हे. जी जागा आजवर कोणाचीच नव्हती असे वाटत होते ती सर्वांची आहे, एवढे त्या पावतीच्या चिटोऱ्यावर लिहून मिळते. ती पावती हातात घेणाऱ्याला आपण कोणाचे तरी भाडेकरू आहोत हे कळावे, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला आपण मालकांपैकी एक आहोत हे कळावे. मालकिणीची बस वेळेवर यावी, एवढी अपेक्षा त्या भाड्यातून पुरी झाली तरी पुष्कळ आहे.